तिसऱ्या फळीचा आवाज

सगळ्यात आधी झरीनाबाजींचं, म्हणजे झरीनाताईंचं, नाव घेतो. छावणीच्या बाजारात त्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आत एक माणूस बसेल एवढीच जागा, बाहेर एक बाकडं. त्याच बाकड्यावर बसून मी हे लिहितोय. मी आठवी अर्ध्यात सोडलेला माणूस. गेली पंधरा वर्षं ट्रक-टँकरवर अक्षरं रंगवतो, पण ती सगळी दुसऱ्यानं सांगितलेली अक्षरं. स्वतःच्या मनातल्या चार ओळी मी कधी लिहिल्या नव्हत्या. म्हणून बाजींना म्हणालो होतो की मी बोलतो, तुम्ही टाइप करा. त्यांनी माझ्यापुढं वही सरकवली. म्हणाल्या, "मैं लिखी तो वो मेरा हो जाता, पेंटरभाई. तुम लिखो, मैं सुधारती." काना-मात्रा त्यांनी सुधारल्यात, बाकी जे चुकलं असेल ते माझं. त्या नसत्या तर ज्यांच्या शेडमध्ये मी शिकलो त्या कचरू मिस्त्रींची खरी गोष्ट माझ्या पोटातच राहिली असती, आणि लोकांत दुसरीच फिरत राहिली असती...

मिस्त्री गेले ते जानेवारीत, दुपारी. मी गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या एका टँकरवर 'अत्यंत ज्वलनशील' लिहीत होतो. 'अत्यंत' झालं होतं, 'ज्व' झाला होता. तेवढ्यात सुमनमामींचा, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा, फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "पेंटर, मिस्त्री गेले. ये." मी आधी ब्रश रॉकेलच्या डबीत बुडवला, कारण वाळलेला ब्रश मिस्त्रींना खपायचा नाही. मग हात पुसले. खरं सांगतो, त्या वेळी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, भीती होती. एक गोष्ट होती, ते असेपर्यंत ती आमच्या दोघांची होती. आता ती एकट्या माझ्यावर आली. तो टँकर पुढं तीन दिवस 'अत्यंत ज्व' एवढ्यावरच उभा राहिला. मालकानं तक्रार केली नाही, पण जाणारे-येणारे वाचून हसायचे.

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, तलावाकाठी. वडील गेले आणि शाळा सुटली. सतराव्या वर्षी ओळखीच्या माणसाबरोबर वाळूजला आलो, एका कंपनीत रंगकामाला लागलो, दीड वर्षात ते काम संपलं. गावाकडं परत जायला तोंड नव्हतं. छावणीच्या अलीकडं ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्यांची एक गल्ली आहे, तिथं काम विचारत फिरलो. सगळ्यांनी नाही म्हणून हात हलवला. मिस्त्रींनी मात्र एक ब्रश दिला आणि म्हणाले, रेघ मार. मी मारली. ते वाकून रेघ बघत होते, मग माझ्या हाताकडं बघितलं. "हात कापतोय, पन रेघ सरळ हाये. भीतीनं कापतोय, दारूनं नाय. राहा." त्या दिवसापासून मी त्यांच्या शेडमध्ये राहिलो. पहिली दोन वर्षं तर झोपायलाही तिथंच. डबा मामींचा. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही, दोघंही 'पेंटर'च म्हणायचे, आणि रेघसुद्धा नीट येत नव्हती तेव्हापासून म्हणायचे. मला त्याचा धीर वाटायचा.

त्यांची एक खोड होती. कुठलंही लाकूड दिसलं की बोटाचं पेर वाजवायचं आणि कान लावायचा. फळी विकत घेताना, खिळा मारल्यावर, रंग वाळल्यावरसुद्धा. हॉटेलात चहाला बसलो तरी टेबल ठोकायचे आणि मालकाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आतून पोखरलंय." मालक म्हणायचा, मिस्त्री, चहा प्या, टेबल पिऊ नका. मामी सांगायच्या की मला बघायला आले तेव्हा ह्यांनी आधी पाट ठोकून बघितला, मग माझ्याकडं बघितलं. चांगल्या फळीचा आवाज खणखणीत येतो, तडा गेलेली फळी बद्द वाजते. मला तो फरक शिकायला दोन-तीन वर्षं लागली. त्यांना तो पाठमोरं उभं राहूनही कळायचा.

आता होडीचं सांगतो. मिस्त्रींची थोरली बहीण, आक्का, गंगापूर तालुक्यात धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या वस्तीवर राहते. पाच-सहा घरं. पाणी भरलं की रस्त्यानं यायचं तर अर्धा दिवस जातो, म्हणून माणसं थर्माकोलचे मोठे ठोकळे दोरीनं बांधून त्यावर बसून अलीकडं येतात. आक्काच्या मालकांना, मिस्त्रींच्या दाजींना, एका सकाळी छातीत दुखायला लागलं. त्यांना थर्माकोलवर आडवं केलं, दोघं जण पोहत ढकलायला लागले. मिस्त्री जीप घेऊन अलीकडच्या काठावर उभे होते, मी सोबत होतो. मध्यावर ठोकळा कलला. दाजी पाण्यात गेले, त्यांना परत वर घेतलं, पण काठाला लागेपर्यंत सगळं संपलं होतं. छातीनं गेले की पाण्यानं, हे कुणाला सांगता आलं नाही. मिस्त्रींनी ते सगळं उभ्यानं बघितलं. जीपला टेकून, एक हात जीपच्या दारावर ठेवून...

पुढच्या आठवड्यात त्यांनी खडूनं शेडच्या फरशीवर होडी काढली. सोळा फुटांची. काढता काढताच मला म्हणाले की नंबर काढल्याबिगर हिच्यात एक माणूस बसवायचा नाही. दाजी गेल्यावर काठावर पोलीस येऊन गेले होते, विनानोंदणीची होडी दिसली तर उचलून नेऊ असं सांगून गेले होते, ते एक कारण. पण दुसरं त्यांचं स्वतःचं होतं. जन्मभर ट्रकच्या बॉड्या बांधल्या, पासिंग झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर गेलेली त्यांनी कधी बघून घेतली नाही.

आणि मला म्हणाले, तू पाण्याकाठचा, तुला होड्या ठाऊक. मी मान हलवली. तिथंच माझं चुकलं. माझ्या गावाला होता तो डोंगा. एका मोठ्या झाडाचं खोड कोरून केलेला, सबंध. डोंग्याला सांधा नसतो, फळी नसते, खिळा नसतो. मी त्यात बसलोय, त्यातलं पाणी उपसलंय, पण फळीला फळी लावून पाणी बाहेर कसं ठेवतात ते मला काय ठाऊक? मिस्त्रींना सांधे ठाऊक, पण ट्रकचे, आणि ट्रकखाली पाणी नसतं. त्यांना वाटायचं पाण्याचं पेंटरला कळतं, मला वाटायचं लाकडाचं मिस्त्रींना कळतं, आणि दोघं एकमेकांच्या भरवशावर होतो. काठावरच्या एका मासे धरणाऱ्यानं तेवढं दाखवलं की सांध्यात तेलात भिजवलेल्या कापसाच्या वाती ठोकायच्या आणि वरून राळ भरायची. ते मिस्त्रींनी मन लावून केलं. बाकी सगळं आम्ही ट्रकसारखंच करत गेलो.

ऑक्टोबरचं ऊन होतं. होडीची डावी बाजू शेडबाहेर यायची. रंगाआधी लाकूड घासताना मला डावीकडच्या, तळापासून तिसऱ्या फळीत तडा दिसला. केसाएवढा, खिळ्यापासून निघालेला, हातभर लांब. मिस्त्री जेवायला घरी गेले होते. ट्रकला असे तडे रोजचेच. पेंटर पुट्टी भरतो, घासतो, वरून रंग देतो, आणि सुताराला सांगत नाही. सांगितलं तर त्याची चहाडी केल्यासारखं होतं, गल्लीत असंच चालतं. शिवाय त्यांना तेव्हा दम लागायला लागला होता, फळी काढायची म्हणजे पुन्हा दोन दिवस वाकून काम. मी पुट्टी भरली. छान भरली. हात फिरवला तर मलाच जागा सापडेना.

संध्याकाळी मिस्त्रींनी नेहमीसारख्या सगळ्या फळ्या ठोकल्या. मी पाठमोरा बसून ब्रश धूत होतो, पण कान तिकडंच होते. तिसऱ्या फळीशी ते थांबले. पुन्हा ठोकलं. कान लावला. परत ठोकलं... मी तेव्हा वळलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. ते चौथ्या फळीकडं गेले.

मग आम्ही ती नटवली. बाहेरून निळी, वरच्या काठाला पिवळा पट्टा, दोन्ही बाजूंना कमळं, पुढं एक पोपट. मागच्या बाजूला काय लिहायचं यावर दोन दिवस खल झाला. ट्रकला हॉर्नचं लिहितात, होडीला हॉर्न कुठला? शेवटी मी 'हात दाखवा, होडी थांबेल' असं लिहिलं, आणि मिस्त्री इतके हसले की खोकल्याची उबळ आली.

फॉर्म भरायला झरीनाबाजींकडं आलो ते तेव्हा. लांबी, रुंदी, खोली, इंजिन नाही, मालकीण आक्का, असं सगळं बाजी विचारत गेल्या. एका रकान्यात बंदराचं नाव मागितलं होतं. मिस्त्री म्हणाले, आपल्या शहरातला क्रांती चौक लिहा, मोर्चे-मिरवणुका सगळं तिथूनच सुटतं. बाजींनी न हसता कचेरीत फोन लावून विचारलं आणि काठावरच्या गावाचं नाव घातलं. पुढचा रकाना होता 'बांधणाऱ्याचे नाव'. मिस्त्री पुढं सरकले. "हितं माझं नाव येनार व्हय?" चाळीस वर्षांत त्यांनी किती बॉड्या बांधल्या असतील, कागदावर सगळीकडं काम देणाऱ्या वर्कशॉपवाल्याचं नाव. बांधणारा म्हणून स्वतःचं नाव त्यांनी पहिल्यांदा तिथं बघितलं. बापाच्या नावासकट पूर्ण घालायला लावलं, आणि प्रिंट निघाल्यावर कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. उठताना त्यांनी बाजींच्या दुकानावरची लाकडी पाटी ठोकली. मधोमध चिरलेली पाटी, 'झेरॉक्स'मधल्या 'रॉ'चे दोन तुकडे झालेले. म्हणाले, बाजी, ही मेलीय, नवी फळी बसवून देतो, हा पेंटर लिहील. बाजी म्हणाल्या, "पहले कश्ती का होने दो, फिर मेरी पाटी."

नोव्हेंबरात तपासणीचे साहेब आले. टेम्पोतून होडी काठावर नेली होती. वस्तीवरची माणसं अलीकडं येऊन बसली होती. आक्का हळद-कुंकवाचं ताट आणि नारळ घेऊन उभी होती. साहेब मध्यम वयाचे, कमी बोलणारे, खांद्याला पिशवी. त्यांनी होडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं की तपासणीच्या आधी रंग कशाला दिला. मिस्त्री अभिमानानं म्हणाले की पासिंगला गाडी नटवूनच नेतो आम्ही. साहेब म्हणाले, ट्रकचं वेगळं, मला सांधे बघायचेत. पिशवीतून पत्ती काढली आणि जागोजाग खरवडून बघायला लागले. ते डावीकडं वळले. तिसऱ्या फळीवर पत्ती लावली आणि पुट्टीची खपली एका तुकड्यात निघून खाली पडली.

"हे कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

मी चार पावलांवर रंगाचा डबा धरून उभा होतो. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मी केलं, साहेब."

"तुम्ही मिस्त्री ना? माणसं बसणार आहेत यात."

"व्हय."

साहेबांनी तिथंच बसून कागदावर शेरा लिहिला आणि वाचून दाखवला. बांधणाऱ्याने फळीचा तडा पुट्टीने झाकलेला आढळला, रंग पूर्ण उतरवून, फळी बदलून पुन्हा तपासणीस आणावे. ज्या कागदावर मिस्त्रींनी बापाच्या नावासकट आपलं नाव घातलं होतं, त्याच्याच खाली. आक्कानं भावाकडं बघितलं. मग ताटातला नारळ उचलून पदराखाली घेतला आणि पाण्याकडं चालायला लागली. नवऱ्याला तसं जाताना बघितलेली बाई ती. आपल्या भावानं आपल्याच होडीतला तडा झाकला, हे तिला कसं सोसवावं? पुढं ती मिस्त्रींचा फोन उचलायची नाही.

परतताना टेम्पोत मागं होडीशेजारी आम्ही दोघंच होतो. मी शिव्यांची वाट बघत होतो. मिस्त्रींनी होडीच्या काठावर हात ठेवला. मग म्हणाले, "तू परगावचा. तुझं नाव कागदावर एकदा बिघडलं तर तुझ्यामागं हितं कोन उभं राहनार? माझं चाळीस वर्षांचं हाये. एक ओरखडा पचंल त्याला." मी म्हणालो, मी आक्काला सांगतो. ते म्हणाले, नंबर आल्यावर सांग, आत्ता सांगितलंस तर ती तुला होडीला हात लावू देणार नाही, आणि मग अक्षरं कोण काढणार? मला तेवढंच हवं होतं, मी लगेच गप्प बसलो. वाळूजच्या पुढं आल्यावर त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. तेव्हा म्हणाले, "आवाज बद्द आला होता रं. मला वाटलं, कान गेले माझे."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. शिव्या दिल्या असत्या तर विसरलो असतो.

रंग उतरवायला आम्हाला वीस दिवस लागले. कमळं गेली, पोपट गेला. एकदा दिलेला ऑइलपेंट खरवडणं म्हणजे घासताना धूळच धूळ, शेडमध्ये निळा धूर झाल्यासारखं व्हायचं. मी म्हणायचो, तुम्ही बाहेर बसा. ते म्हणायचे, माझ्या नावावरचा शेरा आहे, मीच पुसणार. तोंडाला फडकं बांधा म्हटलं तर, "नवरीवानी तोंड झाकून काम करू व्हय?" तिसरी फळी त्यांनी एकट्यानं काढली आणि एकट्यानं बसवली, उताणं पडून. नवी फळी बसल्यावर मला बोलावलं, ठोक म्हणाले. मी ठोकली. ते लांब भिंतीशी बसले होते. तिथूनच विचारलं, "खणखणीत हाये नं? मला नीट येत नाय आता." आवाज खणखणीत होता. मी तसं सांगितलं. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला की नाही, ते मला त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

डिसेंबर संपता संपता त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, लाकडाची आणि रंगाची धूळ वर्षानुवर्षं छातीत बसलीय, आजची नाही. मामी म्हणतात, वर्षानुवर्षांची असेल, पण नेलं त्या वीस दिवसांनी. कोण खरं ते मी ठरवू शकत नाही. मी रोज संध्याकाळी जायचो. ते पलंगाच्या कडेचं लोखंड बोटानं वाजवायचे, सवयीनं. दारातून कुणी बाई आत आली की मान वळवायचे. आक्का आली नाही. आली ती एकदम घरी, सगळं झाल्यावर.

दहाव्याला आम्ही गोदावरीच्या काठी, कायगावला गेलो. पिंड ठेवला, सगळे मागं सरून उभे राहिले. कावळा येईना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, कुणी शब्द द्या. मामी म्हणाल्या, माझी काळजी करू नका. आक्का म्हणाली, होडीला नंबर घेऊ, पाण्यात टाकू. कावळे पलीकडं झाडावर बसून होते. माझ्या शेजारी गल्लीतलेच दोघं जण होते, त्यांच्यातला एक हळूच म्हणाला की मिस्त्रीचा हात शेवटी शेवटी गेलाच होता, होडीत पुट्टी भरली म्हणे, बहिणीच्या होडीत. दुसरा म्हणाला, म्हातारपण. मला एक वाक्य बोलायचं होतं. चार शब्दांचं. सगळे ऐकत होते, तीच जागा होती... मी खाली मान घालून वाळू बघत राहिलो. ऊन चढलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही परत आलो.

दोन दिवसांनी मी मामींकडं गेलो आणि सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "मला ठाऊक हाये. त्याच दिवशी सांगितलं त्यांनी." मला वाटलं, सुटलो. तेव्हा त्यांनी वर बघितलं. "मी त्यांना शब्द दिला होता, म्हणून गप्प होते. तू कुणाला दिला होता? दहाव्याला तोंडात काय धरलं होतंस?" मी रडायला लागलो. त्यांनी मला बस म्हटलं नाही, चहा विचारला नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, आधी आक्काला सांग. मग लोकांत सांग. लोक बोलले ते चारचौघांत बोलले, तूही चारचौघांत सांग, माझ्यापुढं रडून काय उपयोग?

मिस्त्री म्हणाले होते नंबर आल्यावर सांग, म्हणून आक्काला मी लगेच सांगितलं नाही. फेब्रुवारीत साहेब दुसऱ्यांदा आले, तेव्हा ती पलीकडंच होती. बिनरंगाची होडी, सगळे सांधे उघडे. त्यांनी एक एक बघितला, पाण्यात तासभर ठेवून आत हात फिरवला, कोरडी होती. विचारलं, मिस्त्री कुठायत? मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली. मी म्हणालो, साहेब, तो शेरा खोटा आहे, पुट्टी मी भरली होती, खोडा तो. त्यांनी फाइल उघडून तो शेरा पुन्हा वाचला. म्हणाले, लिहिलेला शेरा खोडता येत नाही. त्याच्याखाली दुसरा कागद जोडता येतो, तू लिहून दे, सही करून. म्हणून मी बाजींकडं गेलो. त्यांनी वही सरकवली ती त्या दिवशी. अर्ध्या पानाचं निवेदन लिहायला मला सबंध दुपार लागली. पहिल्या ओळीतच 'मी' लिहून थांबलो होतो. बाजी गिऱ्हाइकं करत होत्या, मधूनच वाकून बघायच्या. "हां, 'मी' हो गया. आगे?" दर वेळी एवढंच. शेवटचं वाक्य झालं तेव्हा त्यांनी मला आत त्यांच्या जागी बसवून दुकानाचं शटर अर्धं ओढलं, म्हणजे डोळे पुसताना मला कुणी बघू नये. तो कागद आता फाइलमध्ये आहे, मिस्त्रींच्या नावाच्या खाली, शेऱ्याच्या खाली. हा लेख म्हणजे मामींनी सांगितलेला दुसरा भाग. गल्लीतल्या त्या दोघांनी वाचावा, आणि ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांनीही. पुट्टी मी भरली होती. कचरू मिस्त्रींचा हात शेवटपर्यंत गेला नव्हता. कानही गेले नव्हते.

नंबर आला. या वेळी कमळं काढली नाहीत, आक्का नको म्हणाली. आधी साधा निळा हात दिला, तो वाळल्यावर दोन्ही बाजूंना काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं काढली. हात कापत होता, अक्षरं सरळ आली. मागं काही लिहिलं नाही. पहिल्या फेरीला आक्का एकटी बसली, दोन्ही हातांनी काठ धरून. वल्ही माझ्याकडं होती. "पाणी येतंय का बघ," असं ती सारखी म्हणत होती, आणि पाणी येत नव्हतं. मध्यावर, दाजी जिथं पाण्यात गेले होते तिथं, मी वल्ही थांबवली आणि तिला सांगितलं. ती पाण्याकडं बघत होती, तशीच बघत राहिली. होडी थोडी वाऱ्यानं फिरली. मग म्हणाली, "माझा भाऊ दोन महिने फोन लावत होता मला." मी वल्ही आत ओढून धरली. मग ती म्हणाली, "वल्हव." मी वल्हवत तिला पलीकडं नेलं. उतरताना तिनं माझा हात धरला नाही.

होडी आता रोज चालते. मी महिन्यातून एकदा जातो, काठावर ओढून घेतो आणि फळ्या ठोकतो. तिसरी आधी. कान लावतो. लोक म्हणतात, मिस्त्रीची खोड लागली. लागली खरी. हे लिहिताना मधे थांबलो की हे बाकडंसुद्धा बोटानं वाजवतोय, आणि बाजी आतून विचारतात, "कैसा है? जिंदा है?"

बाकडं चांगलं आहे, बाजी. तुमची पाटी मात्र मिस्त्री म्हणाले होते तशीच आहे. परवा एक जण तुम्हाला सांगत होता की चिरेत पुट्टी भरून देतो, कळणारसुद्धा नाही. त्याला हात लावू देऊ नका. मिस्त्रींनी तुम्हाला शब्द दिला होता, आणि तुम्ही मला लिहायला बसवलंत, या दोन्हींची परतफेड माझ्याकडं आहे. थोडे दिवस लागतील, मनासारखी फळी मिळायला हवी. मिळाली की आधी ठोकून बघीन, तुम्हालाही ऐकवीन. आवाज खणखणीत आला तरच त्यावर तुमचं नाव काढीन.